तिघांचे पैसे, एकीची सही

मिहिर आणि तन्वी, तुमच्या मेलबर्नच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुम्ही मला न विचारता माझं नाव देऊन टाकलंत, हे तुमच्या आईकडून कळलं. विषय 'आजीचं काम'. तुम्हाला वाटलं असेल, आजी बेलापूरच्या ऑफिसबद्दल लिहील. त्या ऑफिसात मी उमेदीची सगळी वर्षं काढली, पण तिथलं सांगण्यासारखं फारसं काही आठवत नाही. आठवतं ते निवृत्तीनंतरचं. पनवेलजवळ करंजाड्याच्या केअर सेंटरमध्ये मी ॲडमिशनच्या टेबलावर बसायचे, ते. त्या टेबलाची आठवण निघाली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसते.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. तुमच्याकडे ज्याला नर्सिंग होम म्हणतात ते आमच्याकडचं नर्सिंग होम नव्हे. इथे नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपण नाहीतर अपेंडिक्स आठवतं. आणि वृद्धाश्रम म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू कोणी आईला हायवेवर उतरवून आलं. या दोन्हींच्या मधली जी जागा, ती आमची. हॉस्पिटलने घरी जा म्हणून सांगितलंय, पण घरच्यांना झेपत नाही, अशा माणसांना आम्ही ठेवून घ्यायचो. अर्धांगवायू, खुब्याचं ऑपरेशन, विसरण्याचा आजार. कोणी बरं होऊन चालत घरी जायचं, कोणी कायमचं राहायचं.

मुलं यायची, आणि पहिल्यांदा फरशी बघायची. मग बाग. मग एसी. मी त्यांना म्हणायचे, फरशी नंतर बघा, आधी वर जाऊन तिथल्या आजी-आजोबांच्या हातांची नखं बघा. नखं कापलेली असली तर समजा इथे कोणीतरी रोज त्यांच्याकडे नीट बघतंय. जेवणाच्या वेळी या आणि कोण भरवतंय, किती घाईने भरवतंय, ते पाहा. पैशांचं सांगताना मी उलटीकडून सुरुवात करायचे. महिन्याच्या रकमेत काय काय येतं ते कोणीही हौसेने सांगतं. मी आधी सांगायचे काय येत नाही: डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची जादा भेट, रात्रीची स्वतंत्र बाई. आमच्या डॉक्टरांना, म्हणजे सेंटरच्या मालकांना, हे आवडायचं नाही. "मॅडम, तुम्ही गिऱ्हाईक घालवता," म्हणायचे. मी म्हणायचे, जे आज गेलं ते परवडणारं नव्हतं, आणि जे थांबलं ते भांडायला येणार नाही. माझं बहुतेक वेळा खरं व्हायचं.

एकच खंत आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मजेत लिहिता येईल. ज्यांना परवडत नव्हतं त्यांना नाही म्हणण्याचं कामही याच टेबलावर होतं. धान्याच्या मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहिलेल्या माणसांची मुलं यायची, साताऱ्याकडची, अगदी अदबीने बोलणारी. माझं सगळं ऐकून घ्यायची, "विचार करून कळवतो" म्हणायची, आणि ती परत येणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत असायचं. त्यांच्यासाठी मी कमी पैशांत ठेवून घेणाऱ्या ट्रस्टच्या जागांची माहिती जवळ ठेवायचे, पण तिथे जागा लगेच मिळायची नाही.

आता बोनकोड्याच्या चंद्राबयची गोष्ट सांगते. आगरी बोलीत बय म्हणजे आई.

बोनकोडे म्हणजे कोपरखैरण्यातलं जुनं आगरी गाव. शहर त्याच्या भोवती नंतर आलं. एका दुपारी तिथून तीन भाऊ आले, एकाच पांढऱ्या गाडीतून, तिघांच्या गळ्यात सोन्याच्या साखळ्या. थोरला बाळाराम, मधला नरेश, धाकटा संतोष. त्यांच्यामागून रिपोर्टांची पिशवी घेऊन बाळारामची बायको मीना. आई चंद्राबय मोरीत पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल सोडणार होतं. घर यांचं स्वतःचं, चांगलं चार मजली, पण लिफ्ट नाही, जिना उभा आणि अरुंद. खाली भाड्याची दुकानं. आईची खोली तिसऱ्या मजल्यावर.

"एकदा वरती नेली का मग उतरवाची कशी?" नरेश म्हणाला. "आनि डॉक्टर बोलला, आता चालवली नाय त नंतर चालाची नाय."

हे मात्र अगदी खरं होतं. या ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे सगळं ठरवतात. तेव्हा माणूस उभं राहिलं तर राहिलं, नाहीतर पुढचं सगळं आयुष्य पलंगावर.

पैशांबद्दल मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली, पण बाळारामने हात वर केला. "मॅडम, पैशाचा टेन्शन नाय. सगल्यात चांगली रूम द्या. मी भरतो."

"तू कशाला? मी भरतो," नरेश.

"दोघांनी गप ऱ्हावा. बय धाकट्याची असते," संतोष म्हणाला आणि त्याने फोन काढून टेबलावरचा कोड स्कॅनसुद्धा केला. मी फॉर्म काढेपर्यंत तिघांनीही पूर्ण रक्कम भरून टाकली होती. आमच्या अकाउंटंटला दोघांची परत करायची होती, आणि परत घ्यायला तिघांपैकी कोणी तयार नव्हता. नोकरीत मी पैशांवरून खूप भांडणं बघितली होती. असलं पहिलंच.

मग मी फॉर्म पुढे सरकवला. 'जबाबदार नातेवाईक' या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, इथे एकाची सही लागेल. आमचा नियम साधा होता. ज्याची सही, त्यालाच आम्ही विचारणार, औषध बदलायचं असो की पेशंटला घरी न्यायचं असो. पूर्वी तीन मुलं तीन फोन करून तीन गोष्टी सांगायची, म्हणून केलेला नियम.



"दादूस करंल," नरेश म्हणाला. "मोठा तोच हाय."

"मी केली त गावान बोलतीन, बालारामनी बयला टाकली," बाळाराम म्हणाला. "पुढं मना इलेक्शन लढवाची हाय. तूच कर."

"माजी सासुरवाडी गावानच हाय. मी नाय."

संतोषने तर खुर्चीच मागे घेतली. "मी धाकटा. मोठे असतांना मी कशी करू?"

पैसे द्यायला तिघे, आणि पेन कोणी उचलेना. मी टोपण काढून ते फॉर्मवर ठेवलं.  शेवटी दाराशी उभी असलेली मीना पुढे आली.

"आना इकरं," ती म्हणाली. "मी करते."

मी तिला विचारलं, याचा अर्थ माहीत आहे ना?

"म्हाईत हाय, मॅडम. सही केली त गाव मनाच बोलंल. नाय केली तरी मनाच बोलंल. मंग बय चालू तरी दे."

सही झाली. जाता जाता तिघा भावांचं ठरलं की गावात सांगायचं, बय उरणला गेली, लेकीकडे. मीनाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि रिपोर्टांची पिशवी उचलली.

चंद्राबय आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. नऊवारीचा पदर घट्ट, चेहरा त्याहून घट्ट. आमची फिजिओथेरपिस्ट श्रद्धा म्हणजे साखरेत घोळलेली मुलगी, तिच्यापुढे भले भले उठून बसायचे.

"आजी, फक्त पाच मिनिटं उभं राहायचं."

"तूच ऱ्हा उभी पाच मिनटं. मी बघते."

"दुखेल थोडं, पण मी धरते ना."

"दुखंल ते मना. तू काय धरनार?"

रोज हेच. पलंगावरचे व्यायाम कसेबसे करायची, पण पाय जमिनीला लावायचं नाव नाही. कोणी खोलीत गेलं की एकच वाक्य, "मना घरी न्या." श्रद्धाने माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं, मॅडम, दिवस जातायत, स्नायू सुटत चाललेत, अजून थोडं असंच गेलं तर मी काही करू शकणार नाही.

मीना रोज दुपारी यायची, दोन बस बदलून. सासूचे केस विंचरायची, बोंबलाचं कालवण आणायची. खरं तर बाहेरचं जेवण चालत नव्हतं, पण त्या डब्याच्या वेळी मी कागदांत बुडलेली असायची. एकदा तिला विचारलं, बय घरी अशाच गप्प असतात का?

ती हसली. "गप? मॅडम, बय धवलारीन हाय."

मलाही माहीत नव्हतं, तर तुम्हाला कुठून असणार. आगरी लग्नात एकेका विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. हळद असो की मांडव, तिने गायल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आता भटजीही असतात आणि डीजेही असतो, पण जुन्या घरांना ती लागतेच. चंद्राबयने त्या गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं लावली होती. "इथं आल्यापासून गुनगुनली पन नाय," मीना म्हणाली. "तिला वाटतं, आता कोन बोलवतंय."

आता भावांची चूक ऐका. ही चूक फक्त त्यांच्याच घरात होऊ शकत होती. उरण निवडताना त्यांनी विचार केला की म्हाताऱ्या बाईसाठी एवढ्या लांब कोण जाणार. पण धवलारणीला लग्नाचं बोलावणं फोनवर देत नाहीत. घरचा कर्ता माणूस नारळ आणि पानसुपारी घेऊन स्वतः तिच्यापुढे जातो. ती जिथे असेल तिथे. हे तिघे त्या नारळांच्या वड्या खाऊन मोठे झाले होते, आणि नेमकं तेच विसरले.

गावातल्या गजाननशेठच्या मुलीचं लग्न ठरलं. गजाननशेठ नारळ घेऊन सरळ उरणला गेले.

त्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. बाळाराम, गाडी चालवत. "मॅडम, बयला तयार ठेवा. आता येतो, घरी न्याची हाय."

"काय झालं?"

"उरनचे ताईनं घोटाला केला. गजाननशेठला खरा पत्ता दिला. तो उरनवरनं निघालाय, गारीभर बायका घेऊन. ते पोचाचे आधी बय तिथं नसली पायजे."

मी फोन ठेवला आणि वर धावले. हो, धावले. तेव्हा गुडघे ऐकायचे. मीना सासूची वेणी घालत होती. मी सगळं सांगितलं. तिच्या हातातला कंगवा थांबला. बयने मात्र भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. "बालाराम येतंय? घरी न्याला? चल, माजी पिशवी भर."

 पेशंट शुद्धीत आहे, शहाणी आहे, तिला जायचं आहे, मुलगा न्यायला येतो आहे. एकदा ती तिसऱ्या मजल्यावर गेली की संपलं. माझ्या हातात काय होतं? एक नियम, आणि तो या सुनेच्या हातात होता.

पनवेलच्या पुलाखालच्या गर्दीने बाळारामला थोडा वेळ अडवलं, पण गजाननशेठच्या आधी तोच पोचला. खाजगी ॲम्ब्युलन्स घेऊनच आला होता. खोलीत शिरला तोच, "मॅडम, डिस्चार्जचा कागद द्या, मी सही करतो."

"तुमची चालणार नाही," मी म्हटलं. "सही मीनाताईंची आहे."

तो बायकोकडे वळला. "कर सही."

"नाय."

"मीना."

"बय चालंल तवा नेईन. आज नेली त वरती पलंगावर ठेवाल नि तुमी तिघं खाली बसाल. उचलाची कोनी? मीच."

"नवऱ्यासमोर बोलते?"

"तवा पेन उचलला असता त आज बोलाची पाली आली नसती."

"अगो, पन मना जाचा हाय," पलंगावरून बय म्हणाली. मीनाचे डोळे भरले. सासूच विरोधात गेल्यावर ती किती वेळ टिकणार होती? मी म्हटलं, बय, निर्णय तुमचाच, पण आधी डॉक्टरांशी बोलून घेऊ. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होते. डॉक्टर खाली ओपीडीत होते आणि मी त्यांना बोलावणं मुद्दाम लांबवत होते.

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. आमच्या सेंटरमध्ये एरवी चपलांचासुद्धा आवाज व्हायचा नाही. गजाननशेठ पुढे, मागे ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका, कोणाच्या हातात पानांचं ताट, कोणाच्या हातात लुगडं. आजूबाजूच्या खोल्यांमधल्या आज्या व्हीलचेअर घेऊन दारात आल्या.

गजाननशेठनी आधी बाळारामकडे पाहिलं. "उरनला जाऊन आलो, बालाराम. डिझेल तुजेकरून घ्याचा हाय."

बाळाराम खिडकीबाहेर बघू लागला. मग शेठ पलंगाकडे आले आणि एकदम वाकले. "चंद्राबय, पोरीची हलद हाय. तुज्याशिवाय मांडव घालाचा नाय." त्यांनी नारळ पुढे केला.

बय नारळाकडे बघत राहिली. हात पुढे आला, आणि मागे गेला.

"थांब," ती म्हणाली. "बसून नारल घेत नाय मी. कवा घेतला नाय."

मग श्रद्धाकडे वळून म्हणाली, "ए पोरी. तुजा तो घोरा आन." घोडा म्हणजे वॉकर.

श्रद्धाने काम चोख केलं. पाय खाली, टाचा टेकल्या, वॉकर समोर, पाठीला हात. मीना दुसऱ्या बाजूला. बयने ओठ असे आवळले की ते दिसेनासे झाले. अर्धी उठली, खाली बसली. एक बाई "नको बय, राहू दे" म्हणाली, तिला बयने नुसतं डोळ्यांनी गप्प केलं. दुसऱ्यांदा उठली, आणि उभी राहिली. घामाने डबडबलेली, पण उभी. एक हात वॉकरवरून सोडून तिने पदर पसरला. गजाननशेठनी नारळ पदरात घातला.

मी कधी कामाच्या जागी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. दारातल्या आज्यांनी वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या.

बाळारामने घसा साफ केला. "बय, मंग चल आता घरी."

"घरी जाऊन काय जिना मोजू?" बय खाली टेकत म्हणाली. "हलदीला मना उभी रावाची हाय. ती पोरगी इथं हाय, तुजे घरान हाय क?" श्रद्धा लाजून लाल झाली. ॲम्ब्युलन्स रिकामी परत गेली, आणि तिचं भाडं बाळारामने मुकाट्याने दिलं.

त्यानंतरचे दिवस काय सांगू. बय सकाळी श्रद्धाच्या आधी तयार होऊन बसायची. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि चालताना गायची, कारण गाताना दुखणं कमी कळतं असं तिचं म्हणणं. शेजारच्या खोलीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, ज्या कोणाशी बोलायच्या नाहीत, त्या तिच्यामागे व्हीलचेअरवरून ताल धरायच्या. मी खाली टेबलावर फोनवर पॅकेज समजावत असायचे आणि पलीकडचा माणूस विचारायचा, तुमच्याकडे लग्न आहे का?

हळदीला मला बोलावणं होतं. मी माझी हिरवी इरकल नेसून गेले. बोनकोड्याच्या गल्लीत गाडी आत जात नव्हती, तेव्हा बय गल्लीच्या तोंडापासून मांडवापर्यंत वॉकर घेऊन चालत गेली, मीना एक पाऊल मागे. गजाननशेठनी डीजे बंद करवला. वाटेत एका ओट्यावरून कोणीतरी म्हणालंच, "काय गो मीना, सासू बाहेर ठेवून झोप लागते क?"

मीना काही बोलायच्या आत बय थांबली. "तिला लागते, मना पन लागते. तुजे घरान कोनाला लागते ते सांग." ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. जिने विचारलं होतं तीही हसली.

मग बयने मांडवाच्या खांबाला, मेढीला हात लावला आणि धवला सुरू केला. इतक्या लहान शरीरातून तो आवाज कुठून येत होता, मला कळलं नाही. शब्द मला अर्धेच समजले, पण नवरीच्या आईचे डोळे वाहायला लागले, म्हणजे जे व्हायचं ते होत होतं.

मी बायकांमध्ये बसले होते. शेजारची बाई, तोंड मांडवाकडेच ठेवून, हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचेकरं जागा हाय क? आमचे सासऱ्यांना अर्धांग झालाय." मी सांगेपर्यंत मागून दुसरीने खांद्याला हात लावला. तिची आई. मग एक पुरुष माणूस पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने वाकला. सगळे कुजबुजत, जणू चोरीचा माल विचारतायत.

ते बाळारामने पाहिलं. गळ्यातली साखळी नीट करत तो आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुजबुजताव कशाला? आमचे बयला यांनीच चालवली. मॅडम आमचे घरच्या. कोनाला ॲडमिशन पायजे त मना सांगा, मी बोलतो."

मीनाने माझ्याकडे बघून हसू लपवायला पदर तोंडाला लावला. मग ती खुर्ची घेऊन मांडवात गेली. "बय, बसा आता जरा."

बयने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पुढचा धवला उचलला.